शेजारचं स्टूल

टोमॅटो पडल्याचा आवाज त्याला ऐकू आला नव्हता, आणि घोटाळा तिथेच होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर तो उभा होता, डावा हात कठड्यावर, उजव्या हातात रिकामी पिशवी, आणि सगळे टोमॅटो खालच्या पायऱ्यांवर जाऊन स्थिर झालेले. एकही घरंगळत नव्हता. सहा टोमॅटो हातातून सुटून सात पायऱ्या उतरून थांबायला किती वेळ लागेल, हे त्याने तिथेच कठडा घट्ट धरून मनाशी काढलं. दोन सेकंद, फार तर अडीच. म्हणजे तेवढा वेळ तो नव्हता. पडला नव्हता, कारण गुडघ्यांना काही लागलं नव्हतं. चष्मा जागेवर होता. फक्त मधला एक तुकडा कोणीतरी कापून काढावा आणि दोन टोकं जोडून द्यावीत, तसं झालं होतं. आयुष्याची बावीस वर्षं ज्याने कानाला हेडफोन लावून काढली, त्याला सहा टोमॅटो पडल्याचा आवाज येऊ नये? सैन्यात वायरलेसवर अशा जागा यायच्या. पलीकडचा बोलत असायचा आणि मधले दोन शब्द कुठल्यातरी डोंगरात अडकून राहायचे. तिथे कागदावर रेघ मारून ठेवायची असते. अंदाजाने शब्द भरायचा नसतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि जो भरतो त्याला सेटवरून उठवतात. खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बाहेर आली. तिने दोन टोमॅटो उचलले आणि वर बघितलं. "काका, तुमचे का हे?" "हो, सुटले हातातून," तो म्हणाला. पायऱ्या उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपण आत्ता अंदाजाने शब्द भरला.

घरी मुलीने टोमॅटो धुवायला घेतले आणि एकेक उलटा करून पाहिला. "बाबा, कुठून आणलेत हे? सगळे ठेचलेले." "शेवटचे उरले होते दुकानात." "मग शेवटचे घ्यायचे नाहीत ना. चार पावलं पुढे गेलं की दुसरं दुकान आहे." "बरं." ती ठेचलेला भाग कापून टाकत राहिली. ती नकाशे काढण्याच्या कचेरीत आहे. जिथे जमीन संपते आणि पाणी सुरू होतं ती रेघ ती दिवसभर काढते, आणि घरी आल्यावरही कापताना वाया काही जाऊ देत नाही. मग मान न वळवता तिने विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?" "एकदम," तो म्हणाला. हा शब्द इतक्या सफाईने बाहेर आला की तो स्वतःच थोडा दचकला. हा घरातला शब्द नव्हता. हा पलटणीतल्या दवाखान्यातला शब्द होता. वर्षातून एकदा रांगेत उभं राहायचं, बनियन काढायचं, आणि डॉक्टरने काहीही विचारलं तरी "एकदम ठीक, साहेब" म्हणायचं. खरं बोलणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या शेजारच्या सेटवर उंट होता. साडेसहा फूट उंच, म्हणून उंट, आणि हात इतका हलका की त्याची मोर्सची टिकटिक ऐकताना कोणीतरी काचेवर तांदूळ टाकतंय असं वाटायचं. उंटाने एका तपासणीत सांगून टाकलं की सकाळी डोकं जड असतं. आठ दिवसांत त्याचा तब्येतीचा वर्ग उतरला, डोंगरावरची ठाणी त्याला बंद झाली, आणि त्याला कोठारात पाठवलं, कांबळी मोजायला. कोठारावरून जाताना उंट दारात बसलेला दिसायचा आणि बोटं मांडीवर आपटत असायचा. कोणाला काय कळवत होता कोण जाणे. त्यानंतर पलटणीतला प्रत्येक जण तपासणीची तयारी करू लागला. तीन दिवस आधीपासून मीठ बंद. चहा बंद. आदल्या दिवशी पळायचं नाही. त्या दिवशी अर्धा तास लवकर जायचं, भिंतीला टेकून बसायचं, चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. बावीस वर्षांत त्याचा रक्तदाबाचा आकडा एकदाही चढला नाही.

आणि नंतरची वीस-एकवीस वर्षं, सैन्य सुटल्यावर, टेलिफोन कचेरीत चिकटल्यावर, इथे येण्याआधीच्या त्या गावात, मेजरच्या दवाखान्यात? तिथेही तो तयारी करूनच जायचा. सवय. मेजर म्हणजे सैन्यातलाच निवृत्त डॉक्टर, बुटका, मिशा पांढऱ्या आणि भुवया मात्र काळ्याकुट्ट. निवृत्त सैनिकांच्या उपचार योजनेच्या यादीत त्या गावात त्याचं एकट्याचंच नाव होतं, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. मेजर त्याला टिकटिक म्हणायचा. "या टिकटिक. शर्ट काढा. तब्येत?" "एकदम ठीक, साहेब." आणि मेजर मान वळवायचा. उंच खाटेच्या शेजारी एक लोखंडी स्टूल होतं, त्याचा एक पाय कमी, खाली जाड पुठ्ठ्याची घडी. त्या स्टुलावर त्याची बायको बसलेली असायची, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. "हं, वहिनी," मेजर म्हणायचा, "ह्याचं झालं. आता खरं काय ते सांगा." आणि ती सांगायची. "ह्यांचं काही ऐकू नका हो. तीन दिवस अळणी जेवतायत. मी भाजीत मीठ घातलं तर ताट बाजूला सारतात. परवा पाण्याची बादली उचलली आणि दहा मिनिटं भिंतीला धरून उभे. विचारलं तर म्हणे भिंतीचा रंग बघतोय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही ह्यांची जुनी रीत." तो उघड्या अंगाने खाटेवर बसलेला, छताकडे बघत, कान लाल. मेजर लिहून घ्यायचा. बाहेर आल्यावर तो तिच्याशी फाटकापर्यंत बोलायचा नाही, आणि फाटकाशी ती म्हणायची, "झालं का रागावून? मग आता मीठ घेऊन या, घरातलं संपलंय."

ती जाऊन चौदा महिने झाले होते. त्या गावातून इथे येऊन अकरा आठवडे. इथलं घर चौथ्या मजल्यावर, त्याची खोली रस्त्याच्या बाजूची, खिडकीखाली बसथांबा. फ्रिजचा आवाज जुन्या घरातल्या फ्रिजपेक्षा अर्धा स्वर वर होता, आणि त्यामुळे पहिले काही आठवडे तो पहाटे जागा झाला की आपण कुठे आहोत हे त्याला आधी कानाने कळायचं. तिकडे सगळं ठरलेल्या जागी वाजायचं. शेजारच्या घराची कडी, नळाची खरखर, ती जिना चढताना चौथ्या पायरीवर घ्यायची तो श्वास. उलटही होतं. तो कामावरून आला की ती आतूनच म्हणायची, "आज पाऊल जड आहे," किंवा "आज काही गोड घेऊन आलात वाटतं, भरभर चढलात." तिला कधी हेडफोन लागले नाहीत. जिन्यातले ते दोन सेकंद तिने आतून, दार बंद असताना, भाजी चिरताना ऐकले असते. चालू पावलांत एक जागा रिकामी, एवढं तिला पुरलं असतं. मुलीला दोष देता येत नव्हता. तिला त्याच्या पावलांची सवय लागायला अकरा आठवडे पुरणार नव्हते, आणि त्यातही ती दिवसभर कचेरीत.

आठवडाभर त्याने वाट पाहिली. रविवारी आंघोळीनंतर टॉवेल खांद्यावर असताना पुन्हा तसं झालं. या वेळी नळाची धार मधेच तुटून पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटली, आणि नळ तर बंद झाला नव्हता. सोमवारी सगळे कामावर गेल्यावर त्याने योजनेची यादी काढली. या शहरासाठी एक्केचाळीस डॉक्टरांची नावं होती, बारीक अक्षरात. त्याने एक कोरी वही घेतली, चार रकाने आखले, वेळ, कोणाला, काय उत्तर, शेरा, आणि खिडकीशी बसून पहिला नंबर लावला. सेटवर बसल्यासारखं वाटलं, आणि पाठ आपोआप ताठ झाली. दहा चौदा, घंटी वाजली, उत्तर नाही. दहा सतरा, फक्त लहान मुलं बघतात. दहा वीस, डॉक्टर परदेशी गेले. दहा तेवीसला एका बाईने अतिशय गोड आवाजात सांगितलं की फौजी कार्ड आम्ही सोडलं, कागदं फार लागतात. दहा एकतीसला एक पुरुषी आवाज म्हणाला, "बोला." "डॉक्टर आहेत का?" "टायर आहेत." "हा दवाखान्याचा नंबर ना?" "होता म्हणे. तीन वर्षं झाली, अजून लोक फोन करतात. परवा एका आजींनी मला पाठदुखी सांगितली, सगळी. मी ऐकून घेतली." मग तो माणूस म्हणाला, "तुम्हाला काय होतंय?" आणि तो जवळजवळ सांगणार होता. टायरवाल्याला. तोंड उघडलंही होतं. मग त्याने आभार मानून फोन ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, चांगला माणूस.

अकरानंतर एका दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "डॉक्टर नवे पेशंट घेतात. कार्डाचा नंबर सांगा." त्याने सांगितला. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "काका, हे कार्ड इथलं नाही." "हो, आम्ही आत्ताच इकडे राहायला आलोय." "मग कार्ड आधी इकडे बदलून आणा. नाहीतर जिथलं आहे तिथे दाखवा." तिथे म्हणजे रेल्वेने अठरा तास. "बदलून आणतो," तो म्हणाला, आणि वहीत रेघ मारली. घरी त्याची मुलगी अकरा आठवडे हेच सांगत होती, कार्ड बदलून घेऊ या, एक अर्ज आहे, मी रजा काढते, आणि तो दर वेळी म्हणत होता, बघू. तिला वाटायचं बाबांना रांगेत उभं राहायचा कंटाळा आहे. पण तो आयुष्यभर रांगेतच उभा राहिला होता. जुन्या कार्डावर दोन फोटो होते, शेजारी शेजारी, एकाच प्लास्टिकमध्ये. त्याचा आणि, अवलंबित या शब्दाखाली, तिचा. फोटो काढताना ती हसणार होती आणि फोटोवाल्याने हसू नका म्हटलं, त्यामुळे ओठ मिटलेले आणि डोळ्यांत ते राहून गेलेलं. तिकडच्या कचेरीत त्याने तिचं जाणं कळवलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. योजनेच्या लेखी ती होती. तिच्या नावावर कुठेतरी, कुठल्यातरी यंत्रात, एक ओळ अजून चालू होती, आणि ती आपल्या हाताने बंद करण्याइतकं इथलं काहीच त्याला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. जिन्यातले दोन सेकंदसुद्धा नाही.

पण आता तसं दोनदा झालं होतं. बुधवारी तो एकटाच कार्डाच्या कचेरीत गेला. खिडकीतला कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता, बोटाला शाईचा डाग. अर्ज वाचता वाचता त्याने पेन थांबवलं. "अवलंबित व्यक्ती?" "आता नाही." "दाखला?" त्याने दाखला सरकवला. कारकुनाने तो वाचला, वर बघितलं, आणि मग खाली बघून नको इतक्या सावकाश शिक्का मारला. चांगला माणूस, तो मनात म्हणाला, हाही. "जुनं कार्ड द्या, भोक पाडावं लागतं. रद्द झालं म्हणून." "कुठे पाडता?" "असं मधोमध." "कडेला पाडलं तर चालेल का?" कारकुनाने कार्ड हातात घेऊन पाहिलं. मधोमध म्हणजे तिच्या खांद्यावर. "नियमात जागा दिलेली नाही," तो म्हणाला, आणि भोक पाडायच्या यंत्रात कार्डाचा डावा कोपरा घातला, जिथे नुसतं झाडाचं चिन्ह होतं. खट्. मग कार्ड टोपलीत टाकायच्या ऐवजी त्याने ते खिडकीतून परत सरकवलं. नवं कार्ड तिथेच छापून मिळालं. त्यावर एकच फोटो, एकट्याचा, आणि बाजूला पांढरी जागा. नमुना जुनाच असावा. बसमध्ये त्याने दोन्ही कार्डं एकावर एक धरली. कडा तंतोतंत जुळत होत्या. वरच्या कार्डाची पांढरी जागा बरोबर तिच्यावर यायची.

शनिवारची साडेदहाची वेळ मिळाली, आणि बुधवारी संध्याकाळी जेवताना त्याने ताटातली भाजी बाजूला सारली. "काय झालं?" जावयाने विचारलं. जावई भला माणूस होता, पण जेवताना बातम्या वाचायचा. "काही नाही. जरा कमी मीठ घालत जा माझ्या भाजीत." मुलीने त्याच्याकडे बघितलं. "कशासाठी?" "हलकं वाटतं." गुरुवारी चहा बंद केला. शुक्रवारी फिरायला गेला नाही, खिडकीशी बसून बसथांब्यावर येणाऱ्या बसचे आवाज एकमेकांपासून वेगळे काढत राहिला. हे आपण काय करतोय, असं त्याला त्या तीन दिवसांत एकदाही वाटलं नाही. डॉक्टर शोधायला त्याने एक्केचाळीस नावांची यादी धरून नंबर फिरवले होते, तिची ओळ बंद केली होती, आणि आता त्या डॉक्टरला काही सापडू नये म्हणून तो अळणी जेवत होता, आणि या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या. एकीचा आवाज दुसरीत जात नव्हता. शुक्रवारी दुपारी मात्र त्याला एकाएकी ती जुनी दुपार आठवली. मेजरच्या दवाखान्यात त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. मेजर तिचा दाब मोजत होता, पारा वर चढवून हळूहळू सोडत होता, आणि मधेच कानातली नळी काढून म्हणाला, "टिकटिक, इकडे या. तुम्ही आयुष्यभर लोकांचं ऐकलंत. हे ऐका." त्याने नळी कानाला लावली. आधी काहीच नाही. पारा उतरत होता, आणि नुसती पोकळी, पहाटे डोंगरावर सेट लावल्यावर असते तशी. मग एकदम ठक्. ठक्. ठक्. स्पष्ट, थोडं घाईचं, पुढच्यावर किंचित रेललेलं. मोर्स शिकलेल्याला माहीत असतं की प्रत्येकाचा हात वेगळा. शंभर जणांत उंटाचा हात त्याने डोळे मिटून ओळखला असता. हा तिचा हात होता. ती अशीच बोलायची, वाक्य संपायच्या आत पुढच्याला धरून. मग ठोके मऊ होत गेले, लांब गेले, आणि पाऱ्याच्या एका रेघेशी थांबले, आणि त्याने घाबरून मेजरकडे बघितलं. मेजर हसला. "थांबत नाही ते. फक्त आपल्याला ऐकू यायचं थांबतं." ती स्टुलावरून म्हणाली, "काय म्हणतंय आतलं?" "तुझ्यासारखंच आहे," तो म्हणाला, "श्वास न घेता बोलतंय." तेव्हा तिने काय म्हटलं ते त्याला आठवेना. शुक्रवारची सगळी दुपार त्याने त्या एका वाक्यासाठी घालवली. तिथे रेघ होती.

दवाखाना चष्म्याच्या दुकानावर होता, दुसऱ्या मजल्यावर. तो अर्धा तास आधी पोहोचला, भिंतीला टेकून बसला, चार मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. मुलगी सकाळी म्हणाली होती, "मी येते ना सोबत," आणि तो म्हणाला होता, "नुसती ओळख करून घ्यायची आहे, तू कशाला." ती दारात क्षणभर थांबली होती, किल्ली हातात फिरवत, आणि मग गेली. त्याला आता आठवलं की किल्ली फिरवायची थांबल्यावरही ती लगेच गेली नव्हती. "पुढचे," खिडकीतली मुलगी म्हणाली.

डॉक्टर तिशीची होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एका बुटाची नाडी सुटलेली. "या काका, बसा." त्याला खुर्ची होती. तिच्या टेबलाच्या कडेला एक स्टूल होतं, आणि त्यावर तिचा कोट, हेल्मेट आणि कागदांचा गठ्ठा. इथल्या स्टुलाचे चारही पाय सारखे होते. दंडाला पट्टा बांधून तिने बटण दाबलं, आणि यंत्र आपलं आपण गुरगुरत फुगलं, आपलं आपण सुटलं. नळी नाही, पारा नाही. कोणीच काही ऐकत नव्हतं. आकडे उमटले. "एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "वा. माझ्यापेक्षा बरं आहे तुमचं." आणि त्याच्या छातीत, सदुसष्टाव्या वर्षी, ती जुनी ऊब पसरली, पास, डोंगरावर जायला लायक. "काही तक्रार? छातीत, श्वासाला, चक्कर वगैरे?"

"एकदम ठीक."

आणि तो थांबला. तो कशासाठी थांबला हे आधी त्यालाही कळलं नाही. त्या शब्दानंतर वीस-एकवीस वर्षं एक जागा असायची. मेजरने मान वळवायची जागा. पर्सवरचे हात हलायची जागा. त्याचं काम तो शब्द बोलून संपायचं, पुढचं डावीकडून यायचं, म्हणून तर तो इतक्या निर्धास्तपणे खोटं बोलू शकायचा. डावीकडे हेल्मेट होतं. डॉक्टर कळा दाबत होती. ती शांतता किती वेळ चालली हे त्याने सवयीने मोजलं. दोन सेकंद.

"मग छानच," डॉक्टर म्हणाली. "सहा महिन्यांनी या. हृदयाची तपासणी या वयात एकदा करून घ्यावी, पण तुमच्या योजनेत तक्रार लिहिल्याशिवाय मला पुढची चिठ्ठी देता येत नाही. तक्रार नाही ही चांगलीच गोष्ट आहे म्हणा." तो उठला. सवयीने काढलेल्या शर्टाची बटणं लावली, वरून खाली. दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवला. कडी गार होती. बाहेर घड्याळाचा काटा चालल्याचा आवाज दारातून येत होता, आणि फाटकाशी कोणी थांबणार नव्हतं, कोणी म्हणणार नव्हतं की झालं का रागावून. राग यावा असं आज काही झालंच नव्हतं. हे त्याला इतकं असह्य वाटलं की तो वळला.

"डॉक्टर, हे स्टूल रिकामं कराल का जरा?"

"कोणी आलंय का सोबत?"

"नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग उठून तिने कोट उचलला, हेल्मेट खाली ठेवलं, गठ्ठा खिडकीत. तो येऊन स्टुलावर बसला. पर्स नव्हती, म्हणून त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. इथून खुर्ची वेगळीच दिसत होती. इथून बसलेल्या माणसाचा चेहरा दिसला नसता. कान दिसला असता, मानेमागचे केस, खांदा थोडा वर चढलेला. ती वीस-एकवीस वर्षं हे बघत होती. चेहरा तो सांभाळायचा. मान सांभाळायची असते हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि त्याला त्या माणसाची दया आली आणि थोडा रागही आला.

"डॉक्टर, त्याचं काही ऐकू नका," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"आत्ता तिथे बसला होता त्याचं. तीन दिवस अळणी जेवतोय. चहा सोडलाय. बाहेर अर्धा तास बसून श्वास मोजून आत आलाय. त्या आकड्यावर जाऊ नका. दर वेळी असंच करतो, पलटणीपासूनची खोड आहे त्याची."

डॉक्टरचे हात कळांवरून निघाले. "आणखी?" ती म्हणाली, हळू.

"गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी जिन्यात त्याच्या हातातून टोमॅटो सुटले. ते पडल्याचं त्याला ऐकू आलं नाही. दोन सेकंद तो नव्हता. पडला नाही, उभाच होता. मग त्या रविवारी नळाशी पुन्हा. मुलीला सांगितलेलं नाही. मला पण..." इथे तो अडकला, कारण मला म्हणजे कोणाला हे त्याचं त्यालाच कळेना. मग त्याने वाक्य पुरं केलं. "मला पण सांगणार नव्हता. पण मला कळलं असतं."

"हे मला कोण सांगतंय?" तिने विचारलं. प्रश्नात चेष्टा नव्हती.

"माझी बायको सांगायची. तिकडे. ती असती तर मी बोललो नसतो."

डॉक्टर खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि त्याच्या खुर्चीत बसली, स्टुलाच्या समोर. यंत्राकडे तिने बघितलं नाही. त्याचं मनगट तिने आपल्या हातात घेतलं, तीन बोटं नाडीवर टेकवली आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. "एक पूर्ण मिनिट," ती म्हणाली. "श्वास मोजायचा नाही. काही तयारी करायची नाही." खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी काच घासत होतं. तिच्या बोटांखाली आपलं मनगट त्याला जाणवू लागलं, आतून ठोके येत होते, सपाट, लष्करी, अंतर राखून, त्याचा हात. तिचे ओठ किंचित हलत होते. तीस. एकतीस. पलीकडे सेटवर कोणीतरी बसलं की इकडे कळतं, काही पाठवायच्या आधीच कळतं. हवेचा आवाज बदलतो. चाळीसच्या पुढे कधीतरी एक जागा रिकामी गेली. अगदी लहान; एका ठोक्याची. तिची बोटं थबकली, दाब वाढला, आणि तिने घड्याळावरून नजर उचलली.

"एक ठोका गेला," ती म्हणाली.

"कळलं तुम्हाला?"

त्याच्या आवाजात इतका आनंद होता की ती गोंधळली. तिने बोटं काढली नाहीत. टेबलावरून चिठ्ठ्यांचं पुस्तक दुसऱ्या हाताने जवळ ओढलं, पेन दातांनी उघडलं आणि तक्रारीच्या रकान्यात लिहायला लागली. लिहिता लिहिता म्हणाली, "सोमवारी सकाळी ही तपासणी करून घ्यायची, टाळायची नाही. आणि मुलीला आज सांगायचं. जिन्यासकट." तो मान हलवत होता, पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्याला ते वाक्य सापडलं होतं. त्या दुपारी नळी कानातून काढून तो म्हणाला होता की श्वास न घेता बोलतंय, आणि स्टुलावर सावरून बसत, पर्स बंद करत ती म्हणाली होती, "मग ऐकून ठेवा."